व्हिलनचा स्पेल किती अवघड ठेवायचा? डी अँड डीमधल्या ‘सेव्ह डीसी’चं साधं गणित

‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ खेळवणाऱ्याला, म्हणजे डंजन मास्टर किंवा डीएमला, व्हिलन बनवायला सगळ्यात जास्त मजा येते. नाव ठरतं, पडका किल्ला ठरतो, तिचा सूड कशासाठी तेही ठरतं. मग कागदावर एक छोटा चौकोन रिकामा राहतो: स्पेल सेव्ह डीसी. तिथे १३ लिहायचे, १५ लिहायचे की सरळ १८? बरेच जण इथे अंदाजे आकडा टाकतात आणि पुढे जातात. पण त्या एका आकड्यावर ठरतं की लढाईच्या रात्री तुमचा मित्र खेळणार आहे, की पाऊण तास नुसता मोबाइल स्क्रोल करत बसणार आहे.

आज तो आकडा कसा काढायचा, पुस्तकातल्या व्हिलनांचा आकडा तसा का आहे, आणि आपल्या ग्रुपला तो झेपेल की नाही हे खेळाआधीच कसं तपासायचं, ते बघू. गणित पाचवी-सहावीचंच आहे. मोबाइलचा कॅल्क्युलेटर पुरेल.

सेव्ह डीसी म्हणजे नक्की काय?

डी अँड डी कधीच न खेळलेल्यांसाठी आधी दोन ओळी. ‘स्ट्रेंजर थिंग्ज’मधली पोरं तळघरात बसून खेळतात तोच हा गेम. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी तो १९७४ मध्ये अमेरिकेत आणला. प्रत्येक खेळाडू एक पात्र चालवतो, डीएम बाकी सगळं जग चालवतो, आणि जिथे निकाल अनिश्चित असतो तिथे वीस बाजूंचा फासा टाकतात. त्या फाशाला सगळे ‘डी२०’ म्हणतात.

व्हिलनने तुमच्यावर स्पेल टाकला की बहुतेक वेळा फासा तुम्ही टाकता. याला म्हणतात सेव्हिंग थ्रो, किंवा नुसतं ‘सेव्ह’. डी२० वर जे येईल त्यात तुमच्या पात्राचा बोनस मिळवायचा. बेरीज व्हिलनच्या सेव्ह डीसीइतकी किंवा जास्त आली तर तुम्ही वाचलात. कमी आली तर स्पेल लागला. म्हणजे डीसी हा उंच उडीचा बार आहे. व्हिलन तो किती उंच लावतो एवढाच प्रश्न.

सूत्र एका ओळीचं

२०१४ मध्ये आलेल्या पाचव्या आवृत्तीत सूत्र असं आहे:

सेव्ह डीसी = ८ + प्रॉफिशियन्सी बोनस + स्पेलकास्टिंग अ‍ॅबिलिटीचा मॉडिफायर

२०२४ मध्ये नियमपुस्तकं सुधारून आली, तरी हे सूत्र तेच राहिलं. एकेक तुकडा बघू.

अ‍ॅबिलिटी मॉडिफायर: पात्राच्या गुणातून १० वजा करायचे आणि २ ने भागायचं. अपूर्णांक आला तर खालचा आकडा घ्यायचा. बुद्धी १८ असेल तर १८ वजा १० म्हणजे ८, त्याचे निम्मे ४. मॉडिफायर +४. बुद्धी १९ असली तरी +४ च, आणि २० झाली की +५. त्यामुळे व्हिलनची बुद्धी १८ वरून १९ करून काहीही वाढत नाही, हे लक्षात ठेवा.

कोणता गुण घ्यायचा हे व्हिलन कशा प्रकारचा जादूगार आहे त्यावर. पुस्तकं वाचून जादू शिकलेल्या विझर्डसाठी इंटेलिजन्स. देवाकडून किंवा निसर्गाकडून शक्ती घेणाऱ्या क्लेरिक आणि ड्रुइडसाठी विस्डम. रक्तातच जादू असलेला सॉर्सरर, करार करून शक्ती मिळवलेला वॉरलॉक आणि गाणारा बार्ड यांच्यासाठी करिझ्मा.

प्रॉफिशियन्सी बोनस: खेळाडूंच्या पात्रांसाठी हा लेव्हलवर ठरतो. लेव्हल १ ते ४ ला +२, ५ ते ८ ला +३, ९ ते १२ ला +४, १३ ते १६ ला +५ आणि १७ ते २० ला +६. राक्षस आणि व्हिलन यांच्यासाठी तो चॅलेंज रेटिंग, म्हणजे सीआर, यावर ठरतो. सीआर ४ पर्यंत +२, ५ ते ८ ला +३, आणि दर चार पायऱ्यांना एक वाढत सीआर २९-३० ला +९.

आणि तो सुरुवातीचा ८? तो कायम.

आठच का?

मला हा प्रश्न बरेच दिवस सतावत होता, कारण पुस्तकात त्याचं कारण दिलेलं नाही. पण फासा हातात घेतला की उलगडतं. समजा व्हिलन आणि तुमचं पात्र अगदी तोडीस तोड आहेत. दोघांचा प्रॉफिशियन्सी बोनस सारखा, दोघांचा मॉडिफायर सारखा, आणि तुमचं पात्र त्या प्रकारच्या सेव्हमध्ये तरबेज आहे. मग दोन्हीकडचे बोनस एकमेकांना कापतात आणि उरतो फक्त ८. म्हणजे डी२० वर ८ किंवा जास्त आलं की वाचलात. ८ ते २० असे १३ आकडे, २० पैकी १३ म्हणजे ६५ टक्के.

थोडक्यात, ज्याची त्या बाबतीत तयारी आहे त्याला नियम झुकतं माप देतात. ज्याची तयारी नाही त्याच्याकडे प्रॉफिशियन्सीही नसते आणि बहुधा मॉडिफायरही नसतो, त्यामुळे त्याच व्हिलनपुढे तो बराच मागे पडतो. हा फरक पुढे फार महत्त्वाचा ठरणार आहे.

पूर्वी असं नव्हतं

जुन्या आवृत्त्यांमध्ये वाचण्यासाठी लागणारा आकडा साधारणपणे वाचणाऱ्याच्याच क्लास आणि लेव्हलच्या तक्त्यातून यायचा. समोरचा मांत्रिक नवशिका आहे की महाभयंकर, याचा त्यात फारसा संबंधच नव्हता. २००० साली तिसऱ्या आवृत्तीने हे बदललं: १० + स्पेलची लेव्हल + मॉडिफायर. आता टाकणाऱ्याचा गुण मोजला जाऊ लागला, पण एकाच मांत्रिकाचे छोटे स्पेल सोपे आणि मोठे स्पेल अवघड असायचे. २००८ च्या चौथ्या आवृत्तीत तर फासाच उलटा झाला, स्पेल टाकणारा डी२० टाकायचा आणि समोरच्याचा ठरलेला बचाव पार करायचा. पाचव्या आवृत्तीने फासा परत बचाव करणाऱ्याच्या हातात दिला आणि एका मांत्रिकाला सगळ्या स्पेलसाठी एकच डीसी दिला. डीएमसाठी हे सोयीचं आहे. व्हिलनच्या कागदावर एक आकडा लिहिला की काम झालं.

पुस्तकातले व्हिलन तपासून बघू

सूत्र खरंच चालतं का, हे २०१४ च्या नियमांतल्या छापील व्हिलनांवर लावून बघू.

• मेज: सीआर ६, म्हणून +३. बुद्धी १७, म्हणून +३. ८ + ३ + ३ = १४.
• आर्चमेज: सीआर १२, म्हणून +४. बुद्धी २०, म्हणून +५. ८ + ४ + ५ = १७.
• ‘कर्स ऑफ स्ट्राड’ या २०१६ च्या कथेतला स्ट्राड: सीआर १५, म्हणून +५. बुद्धी २०, म्हणून +५. ८ + ५ + ५ = १८.
• लिच: सीआर २१, म्हणून +७. बुद्धी २०, म्हणून +५. ८ + ७ + ५ = २०.
• ‘टूम ऑफ अ‍ॅनायहिलेशन’ या २०१७ च्या कथेतला असेरेरॅक: सीआर २३, म्हणून +७. बुद्धी २७, म्हणून +८. ८ + ७ + ८ = २३.

सगळे आकडे पुस्तकाशी जुळतात.

आता आर्चमेजकडे परत बघा. त्याच्या कागदावर लिहिलेलं असतं की तो १८ व्या लेव्हलचा स्पेलकास्टर आहे. १८ व्या लेव्हलच्या खेळाडूचा प्रॉफिशियन्सी बोनस +६ असतो. मग डीसी १९ यायला हवा ना? नाही. ती ‘१८ वी लेव्हल’ फक्त त्याच्याकडे किती आणि कोणते स्पेल आहेत एवढंच सांगते. डीसीसाठी लागणारा बोनस सीआरमधूनच येतो. नवीन डीएमचा सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो. नियम पाठ करून टाका: किती स्पेल, हे कास्टर लेव्हल सांगते, किती अवघड, हे सीआर सांगतो.

पण सीआर कुठून आणायचा?

इथे एक गंमत आहे. डीसी काढायला सीआर लागतो, आणि सीआर काढताना डीसी मोजला जातो. कोंबडी आधी की अंडं आधी, तसलं प्रकरण. यातून बाहेर पडायचा मार्ग सोपा आहे: आधी सीआर मनाशी धरा, त्यावरून डीसी काढा, मग पडताळा.

२०१४ च्या डंजन मास्टर्स गाइडमध्ये प्रत्येक सीआरसाठी अपेक्षित डीसीचा तक्ता आहे. सीआर ५ ते ७ साठी १५, सीआर ८ ते १० साठी १६, सीआर २१ साठी २०. तुमचा डीसी तक्त्यापेक्षा २ ने जास्त असेल तर व्हिलनची हल्ल्याची बाजू सीआरच्या एका पायरीने वर जाते, ४ ने जास्त असेल तर दोन पायऱ्यांनी. मग हल्ल्याच्या आणि बचावाच्या बाजूची सरासरी घ्यायची.

म्हणजे सीआर ७ च्या व्हिलनला डीसी १९ दिला आणि कागदावर सीआर ७ च ठेवला, तर तो कागद खोटं बोलतोय. व्हिलन दिसायला पेपर सोपा आणि सोडवायला अवघड अशातला होतो.

आता टेबलाच्या दुसऱ्या बाजूला बसू

इथपर्यंत सगळं पुस्तकी होतं. पण डीसी १५ म्हणजे समोरच्यासाठी किती? त्यासाठी मी एक तोंडी हिशेब वापरतो:

डीसीमधून खेळाडूचा बोनस वजा करा, आणखी १ वजा करा, उरलेल्याला ५ ने गुणा. स्पेल लागण्याची टक्केवारी मिळाली.

डीसी १५, बोनस ०: १५ वजा ० वजा १ = १४. चौदा पंचे सत्तर. ७० टक्के वेळा स्पेल लागणार. डी२० ची प्रत्येक बाजू ५ टक्क्यांची असते, म्हणून हे जमतं. उत्तर शून्याखाली गेलं तर शून्य धरा, शंभरावर गेलं तर शंभर.

‘बाल्डर्स गेट ३’ हा २०२३ चा व्हिडिओ गेम पाचव्या आवृत्तीच्या नियमांवर उभा आहे. तिथे स्पेल टाकायच्या आधी स्क्रीनवरच टक्केवारी दिसते. टेबलावर खेळताना ती दाखवणारं कोणी नसतं, म्हणून हा हिशेब डोक्यात हवा.

आता एक ग्रुप घेऊ. चार पात्रं, सगळी ५ व्या लेव्हलची. समोर माझी व्हिलन, तिला काळी राणी म्हणू. सीआर ७, बुद्धी १८. तिचा डीसी ८ + ३ + ४ = १५. तक्त्यातलाही १५ च. सगळं नियमात बसलं.

तिने ‘होल्ड पर्सन’ टाकला. हा दुसऱ्या लेव्हलचा स्पेल, विस्डम सेव्ह मागतो. अपयश आलं तर पात्र जागच्या जागी थिजतं.

• फायटर, बोनस ०: ७० टक्के लागणार
• रोग, बोनस +१: ६५ टक्के
• विझर्ड, बोनस +४: ५० टक्के
• क्लेरिक, बोनस +७: ३५ टक्के

सरासरी ५५ टक्के. ऐकायला ठीक वाटतं. पण फायटरचे ७० आणि क्लेरिकचे ३५, बरोबर दुप्पट फरक आहे. आणि शहाणा व्हिलन सरासरीवर स्पेल टाकत नाही, तो फायटरवरच टाकतो.

तिनेच ‘फायरबॉल’ टाकला तर चित्र पालटतं, कारण तो डेक्सटेरिटी सेव्ह मागतो. रोगचा बोनस +७, त्याला ३५ टक्केच धोका. क्लेरिकचा बोनस ०, तिला ७० टक्के. डीसी तोच १५. म्हणजे ‘हा डीसी अवघड आहे का?’ या प्रश्नाला एकटं उत्तर नाही. कोणासाठी आणि कोणत्या सेव्हसाठी, हे विचारल्याशिवाय उत्तर येत नाही.

एकच डीसी, दोन वेगळे परिणाम

आता मुख्य मुद्दा. डीसी एकाने वाढवला तर काय होतं? वाचण्याची शक्यता ५ टक्क्यांनी कमी होते, बस. मग एवढी काळजी कशाला?

फायरबॉलच्या बाबतीत खरंच काळजीचं फारसं कारण नाही. तो ८ सहा-बाजूंच्या फाशांचं नुकसान करतो, सरासरी २८. सेव्ह जमला तर निम्मं, म्हणजे १४. डीसी १५ ला आपल्या फायटरचं (डेक्सटेरिटी बोनस +१) सरासरी नुकसान २३.१ येतं. डीसी १८ केला तर २५.२. तीन पायऱ्या चढवूनही फक्त २.१ चा फरक. कारण वाचलं तरी निम्मा मार बसतोच.

होल्ड पर्सनची गोष्ट वेगळी आहे. तिथे निम्मं असं काही नसतं. लागला तर पूर्ण लागला. आणि सुटायचं असेल तर आपल्या प्रत्येक टर्नच्या शेवटी परत तोच सेव्ह. स्पेल जास्तीत जास्त एक मिनिट, म्हणजे दहा फेऱ्या टिकतो. बोनस ० असलेल्या फायटरचे सरासरी किती टर्न वाया जातात, याचा हिशेब असा येतो:

• डीसी १३: सुमारे दीड टर्न
• डीसी १५: सुमारे २.३ टर्न
• डीसी १७: सुमारे ३.६ टर्न
• डीसी १८: सुमारे साडेचार टर्न
• डीसी २०: सुमारे ७.६ टर्न

बघा, १३ वरून १५ ला एका टर्नच्याही आत वाढ होते. १८ वरून २० ला तीन टर्नची. चढण सरळ नाही, वर जाईल तशी ती खडी होत जाते. आमच्या टेबलावर बहुतेक लढाया तीन ते पाच फेऱ्यांत संपतात. म्हणजे डीसी १८ चा होल्ड पर्सन बसला की त्या खेळाडूची लढाई संपल्यात जमा.

आता हे घड्याळात बसवा. चार खेळाडू, एक डीएम, एक फेरी म्हणजे सहज दहा-पंधरा मिनिटं. साडेचार फेऱ्या म्हणजे पाऊण तास ते तासभर. त्या वेळात फायटर चालवणारी मुलगी काय करते? तिची पाळी आली की डी२० टाकते, ‘नाही जमलं’ म्हणते, आणि परत मोबाइल बघते. आठवडाभर वाट बघून, क्लास बुडवून, दोन बस बदलून ती आलेली असते. फासे तिच्यावर रुसले तर समजू शकतो, पण तिच्या हातात काही उरूच नये अशी मांडणी मुळात आपण केलेली असते. व्हिलन भीतिदायक असावा हे बरोबर. पण भीती वाटायला खेळाडू खेळात असावा लागतो.

शिवाय थिजलेल्या पात्राचा डेक्सटेरिटी सेव्ह आपोआप फसतो. म्हणजे आधी होल्ड पर्सन आणि पुढच्या टर्नला फायरबॉल, अशी जोडी लावली तर फायरबॉलसाठी डीसी बघायचीच गरज नाही. पूर्ण २८ बसतात. अशी जोडी व्हिलनच्या यादीत असेल तर डीसी एक पायरी खालीच बरा.

‘अवघड’ आणि ‘अशक्य’ यातली रेघ

बऱ्याच जणांना वाटतं की डी२० वर २० आलं की सेव्ह जमतोच. पाचव्या आवृत्तीत तो नियम हल्ल्याच्या फाशासाठी आहे. सेव्हला २० आले तरी बेरीज डीसीइतकी भरावीच लागते.

त्यामुळे असेरेरॅकच्या डीसी २३ पुढे ज्याचा बोनस +२ किंवा कमी आहे, तो कितीही चांगला फासा टाको, वाचूच शकत नाही. वीस अधिक दोन, बावीस. संपलं. आणि असे बोनस मोठ्या लेव्हललाही असतात, कारण ज्या सेव्हमध्ये पात्र तरबेज नाही तो बोनस लेव्हल वाढली म्हणून आपोआप वाढत नाही. विस्डम १० असलेला फायटर विसाव्या लेव्हललाही त्याच शून्यावर असू शकतो. लिचच्या डीसी २० पुढे त्याला फक्त ५ टक्के संधी.

म्हणून माझा एक नियम आहे. डीसी ठरवल्यावर ग्रुपमधला सगळ्यात कमी बोनस घ्यायचा आणि वरचा तोंडी हिशेब करायचा. उत्तर ७५ टक्क्यांच्या वर गेलं, तर थिजवणारे, मन ताब्यात घेणारे, दुसऱ्या जगात फेकणारे स्पेल त्या पात्रावर टाकायच्या आधी दोनदा विचार. १०० आलं तर त्या स्पेलला फासा टाकायला लावणं हीच थट्टा आहे. हा आकडा पुस्तकातला नाही, माझा आहे. तुमच्या ग्रुपला जास्त मार खायला आवडत असेल तर ८० ठेवा.

डीसी न हलवता व्हिलन सोपा किंवा अवघड कसा करायचा?

चांगली बातमी ही की डीसीला हात न लावता बरंच काही करता येतं.

पहिलं, कोणता सेव्ह मागायचा. एकाच व्हिलनकडे विस्डम, डेक्सटेरिटी आणि कॉन्स्टिट्यूशन असे तीन प्रकारचे सेव्ह मागणारे स्पेल ठेवा. मग दर फेरीला वेगळं पात्र अडचणीत येतं आणि वेगळं पात्र हिरो ठरतं. एकाच माणसाची पिळवणूक होत नाही.

दुसरं, सुटायचे रस्ते. होल्ड पर्सनला व्हिलनची एकाग्रता लागते. तिला मार बसला की तिला कॉन्स्टिट्यूशन सेव्ह करावा लागतो, डीसी १० किंवा नुकसानाच्या निम्मा, यातला जो मोठा तो. काळ्या राणीचा बोनस +२ आहे. प्रत्येक छोट्या फटक्याला ती ३५ टक्के वेळा चुकते. तीन फटके बसले तर एकाग्रता तुटण्याची शक्यता सुमारे ७३ टक्के. म्हणजे थिजलेल्या फायटरला सोडवायचं काम बाकी तिघांच्या हातात येतं, आणि लढाईला दिशा मिळते. पण त्यासाठी व्हिलनपर्यंत पोचता आलं पाहिजे. तिला खोल दरीपलीकडच्या बुरुजावर उभं केलं आणि ग्रुपकडे लांबून मारायला काही नसेल, तर हा रस्ता तुम्हीच बंद केला. ‘डिस्पेल मॅजिक’ हा दुसरा रस्ता. ५ व्या लेव्हलच्या क्लेरिक आणि विझर्ड दोघांनाही तो घेता येतो.

तिसरं, अ‍ॅडव्हान्टेज. दोन डी२० टाकून मोठा घ्यायचा. ७० टक्के धोका असेल तर तो ०.७ गुणिले ०.७, म्हणजे ४९ टक्क्यांवर येतो. ग्रुपने आधीच्या गावात व्हिलनचं खरं नाव शोधलं, तिचा जुना ताईत मिळवला, तर पहिल्या सेव्हला अ‍ॅडव्हान्टेज द्या. आकडा न बदलता त्यांच्या मेहनतीचं फळ मिळतं. उलट डिसअ‍ॅडव्हान्टेज जपून वापरा, ७० चे थेट ९१ होतात.

चौथं, ग्रुपकडे काय आहे ते मोजा. क्लेरिकने ‘ब्लेस’ टाकला तर प्रत्येक सेव्हला एक चार-बाजूंचा फासा जास्त मिळतो, सरासरी २.५, म्हणजे साडेबारा टक्क्यांची सूट. ६ व्या लेव्हलपासून पॅलाडिनजवळ उभं राहिलं की त्याचा करिझ्मा मॉडिफायर सगळ्यांच्या सेव्हला लागतो. करिझ्मा १६ असेल तर १५ टक्के. असा ग्रुप असेल तर डीसी एक-दोनने जास्त चालून जातो. पण मग पॅलाडिन खाली पडला तर काय होईल, तोही हिशेब करून ठेवा.

मोबाइलवर पाच मिनिटांत तक्ता

गूगल शीट्स अ‍ॅप उघडा. पहिल्या रांगेत व्हिलनचा डीसी लिहा. खाली पहिल्या स्तंभात पात्रांची नावं, पुढच्या तीन स्तंभांत त्यांचे विस्डम, डेक्सटेरिटी आणि कॉन्स्टिट्यूशन सेव्हचे बोनस. त्यापुढच्या तीन स्तंभांत सूत्र टाका: डीसीचं खानं वजा बोनसचं खानं वजा १, आणि सगळ्याला गुणिले ५. डीसीच्या खान्याच्या नावात अक्षर आणि आकडा दोन्हींआधी डॉलरचं चिन्ह लावा, म्हणजे सूत्र खाली ओढलं तरी ते खानं हलणार नाही. मग कंडिशनल फॉरमॅटिंगमधून ७५ च्या वरची खानी लाल करून घ्या.

आता वरचा डीसी १४, १५, १६ असा बदलून बघा. कुठल्या आकड्याला कोण लाल होतं ते लगेच दिसतं. हा तक्ता एकदा बनवला की प्रत्येक व्हिलनला चालतो, फक्त पात्रांची लेव्हल वाढली की बोनस बदलायचे.

नियमपुस्तक विकत घ्यायलाच हवं असंही नाही. पाचव्या आवृत्तीचे मूळ नियम ‘एसआरडी’ नावाच्या फुकट पीडीएफमध्ये आहेत. प्रकाशक विझर्ड्स ऑफ द कोस्टने २०२३ च्या जानेवारीत ते क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली खुले केले. मेज, आर्चमेज आणि लिच तिघेही त्यात आहेत. फासे नसतील तर गूगल सर्चमधला फासा टाकायचा पर्याय डी२० सुद्धा देतो.

पटकन उजळणी

१. ग्रुपच्या ताकदीवरून व्हिलनचा सीआर धरा आणि त्यावरून प्रॉफिशियन्सी बोनस घ्या.
२. जादूच्या प्रकारावरून गुण निवडा आणि मॉडिफायर काढा.
३. ८ मिळवा. डीसी तयार.
४. तक्त्यातल्या अपेक्षित डीसीपेक्षा २ किंवा जास्त फरक असेल तर सीआर परत तपासा.
५. ग्रुपमधल्या सगळ्यात कमी बोनसवर तोंडी हिशेब करा: वजाबाकी, आणखी एक वजा, गुणिले पाच.
६. नुकसान करणारे स्पेल असतील तर एक-दोन इकडे-तिकडे चालतं. टर्न खाणारे स्पेल असतील तर प्रत्येक आकडा जपून.

काळ्या राणीचा डीसी मी १५ च ठेवला आहे. तिच्या यादीत होल्ड पर्सन एकदाच आहे, आणि ती बुरुजावर नाही, दरबाराच्या मधोमध उभी आहे, जिथे चौघांपैकी कोणीही तिच्यापर्यंत पोचू शकतं. फायटरला ७० टक्के धोका आहे, आणि तो असायलाच हवा. उरलेले ३० टक्के तिचे, आणि बाकी तिघांचे फटके तिच्या मदतीला.